आधी डोळे तपासा

पांढऱ्या केसांचं, पांढऱ्या पापण्यांचं मूल आमच्या विभागात सहसा थेट येत नाही. ते फिरत फिरत येतं. आधी कातडीच्या डॉक्टरांकडे जातं, तिथून कुठल्यातरी वैद्याकडे. मध्ये एखादा नवस बोलून होतो, कुणी सांगितलेला लेप लावून होतो. मग कधीतरी गावात नेत्रशिबिर भरतं आणि तिथल्या कुणाच्या तरी लक्षात येतं की, या पोराचे डोळे एका जागी ठरत नाहीत. तोवर पोर शाळेत जायला लागून दोन-तीन वर्षं झालेली असतात.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात अल्पदृष्टी विभाग सांभाळते. चष्मा लावूनही ज्यांची नजर पूर्ण सुधारत नाही, त्यांना आहे त्या नजरेत जास्तीत जास्त काम कसं करता येईल हे शोधायचं आणि शिकवायचं, हे माझं काम. अल्बिनिझम असलेली मुलं आणि मोठी माणसं बघता बघता माझं एक मत पक्कं झालं आहे. लोकांना यात रंग दिसतो, पण माणसाचं अडतं ते नजरेपाशी. रंगासाठी करण्यासारखं काही नसतं. नजरेसाठी पुष्कळ असतं आणि नेमकं तेच राहून जातं.

‘मॅडम, पोराला जन्मल्यापासनं कोड हाय,’ असं म्हणतच आईवडील समोर बसतात. हे कोड नव्हे, इथून माझी सुरुवात होते. कोडात रंग तयार करणाऱ्या पेशी पुढे कधीतरी नाश पावतात, म्हणून अंगावर डाग उमटतात आणि पसरतात. अल्बिनिझममध्ये पेशी असतात, पण त्यांना मेलॅनिन हे रंगद्रव्य जन्मापासूनच तयार करता येत नाही, किंवा फार थोडं करता येतं. त्यासाठी लागणारं टायरोसिनेज नावाचं विकर बिघडलेलं असतं, नाहीतर त्या कामातली दुसरी एखादी कडी निसटलेली असते. म्हणून सगळ्यांचा रंग एकसारखा नसतो. कुणाचे केस अखेरपर्यंत पांढरेशुभ्र राहतात, कुणाचे वाढत्या वयात मक्याच्या कणसाच्या केसांसारखे पिवळसर होतात. डोळे लाल असतात हा तर निव्वळ गैरसमज. बहुतेकांचे डोळे निळसर, करडे किंवा फिकट तपकिरी असतात. एका प्रकारात तर केस आणि कातडी जवळजवळ घरातल्या इतरांसारखीच असते आणि दोष फक्त डोळ्यांत असतो. तो प्रकार मुख्यतः मुलग्यांमध्ये दिसतो आणि ओळखायला सगळ्यात उशीर होतो, कारण वरून काहीच वेगळं दिसत नाही.

रंगाचा आणि नजरेचा संबंध काय, हे आईवडिलांना समजावणं सोपं नाही, पण मी ते टाळत नाही. गर्भात डोळा घडत असताना मेलॅनिनचं तिथे काम असतं. दृष्टिपटलाच्या मध्यावर, जिथून आपण बारीक अक्षर वाचतो, तिथे एक सूक्ष्म खळगा तयार व्हावा लागतो. मेलॅनिन नसेल तर तो नीट होत नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे तंतूही वेगळ्या वाटेने जातात. एरवी प्रत्येक डोळ्यातले निम्म्याच्या आसपास तंतू आपल्याच बाजूला राहतात आणि बाकीचे पलीकडे जातात. अल्बिनिझममध्ये बहुतेक सगळे पलीकडे जातात. त्यामुळे दोन्ही डोळ्यांनी मिळून खोलीचा जो अंदाज येतो तो कच्चा राहतो. पायऱ्या उतरताना असं मूल पाय चाचपत टाकतं आणि चेंडू झेलताना हमखास चुकतं. त्यावर घरचे ‘घाबरट आहे’ म्हणतात. शिवाय बुबुळात रंग नसल्यामुळे उजेड बाहुलीतून आत जातो तसा बुबुळातूनही जातो. अंधाऱ्या खोलीत स्लिट लॅम्पचा बारीक झोत बाहुलीतून आत सोडला की अख्खं बुबुळ आतून तांबूस उजळतं. मी ते बापाला यंत्रातून बघायला लावते. मग ‘उन्हात डोळे उघड’ म्हणून पोराला दटावणं थांबतं.

चौथीतला एक मुलगा आला होता. प्रगतिपुस्तकात ‘वर्गात लक्ष नसते’ असा शेरा. तो फळ्याकडे बघताना तोंड उजवीकडे वळवायचा आणि डोळ्यांच्या डाव्या कोपऱ्यातून बघायचा. गुरुजी त्याची हनुवटी धरून मान सरळ करायचे आणि मान सरळ झाली की त्याला फळा दिसेनासा व्हायचा. अल्बिनिझममध्ये डोळे सतत इकडून तिकडे हलत असतात. जन्मानंतर दोन-तीन महिन्यांतच ते सुरू होतं. पण प्रत्येकाची नजरेची एक दिशा अशी असते जिथे हे हलणं सगळ्यात कमी होतं. मूल ती दिशा आपणहून शोधून काढतं, कुणी शिकवावी लागत नाही. या मुलाची ती दिशा डावीकडे होती. म्हणून त्याची जागा वर्गात उजव्या अंगाला, पहिल्या बाकावर हवी, म्हणजे फळा आपोआप त्याच्या डावीकडे येतो आणि मान वळवावीच लागत नाही. खिडकी पाठीमागे हवी, समोर नको. एवढं कागदावर लिहून, चित्र काढून शाळेत पाठवलं.

तपासणीचीही एक गोम आहे, ती माझ्या क्षेत्रातल्या नव्या मुलामुलींना मी आवर्जून सांगते. नजर तपासताना आपण सवयीने एक डोळा झाकतो. या मुलांचा एक डोळा झाकला की उघडा डोळा जास्तच हलायला लागतो आणि नजर खरी आहे त्याहून वाईट निघते. म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवून आधी तपासायचं, मान हवी तशी वळवू द्यायची, आणि एकेका डोळ्याची नजर घ्यायचीच असेल तर दुसऱ्यासमोर जाड भिंग धरून तो फक्त धूसर करायचा. या मुलाने डोळा झाकल्यावर वरची दोनच अक्षरं वाचली होती. दोन्ही डोळ्यांनी, मान वळवून, तो आणखी दोन ओळी खाली उतरला. मग त्याचा चष्म्याचा नंबर काढला. तो चांगला मोठा होता आणि वयाच्या नवव्या वर्षापर्यंत कुणी काढलेलाच नव्हता. ‘याला चष्म्याचा उपयोग नाही’ असं आधी एका ठिकाणी सांगितलं गेलं होतं. उपयोग असतो. चष्म्याने नजर पूर्ण होत नाही, पण जेवढी मिळते तेवढी त्या मुलाच्या हक्काची आहे.

त्याला पुस्तक नाकाला लावून वाचायची सवय होती आणि आजी त्यावरून रागावायची. आजीला मी म्हटलं, ‘आजी, जवळ धरल्याने डोळे खराब होत नाहीत. जवळ धरलं की अक्षर मोठं दिसतं, म्हणून तो धरतो. धरू द्या.’ पुस्तक ठेवायला उतरता लाकडी डेस्क, अक्षरावर ठेवून सरकवायचं घुमटाकार भिंग, आणि फळ्यासाठी एका डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण दिली. दुर्बीण वर्गात काढायला मुलं लाजतात, हे खरं आहे. हल्ली मोबाइलच्या कॅमेऱ्याने फळ्याचा फोटो काढून मोठा करून वाचणं जास्त चालतं, फक्त शाळेने त्या मोबाइलला परवानगी द्यायला हवी. आईचा प्रश्न मात्र दरवेळी एकच असतो: ‘पुढं आंधळा तर व्हनार न्हाई ना?’ नाही. ही नजर वयाबरोबर ढासळत जात नाही. लहानपणी उलट थोडी सुधारते.

आईचा विषय निघाला की मला स्वतःला आवरावं लागतं. असं मूल झालं की पहिली बोटं तिच्याकडे वळतात. ग्रहणात बाहेर गेली असेल, अमुक खाल्लं असेल. आणि त्याहून वाईट जे बोललं जातं ते इथे लिहिण्याजोगं नाही. एक बाई बाळंतपणानंतर सासरी परत नेलीच गेली नव्हती. तिचे वडील तिला आणि नातीला घेऊन आमच्याकडे आले होते. मी जावयाला निरोप पाठवला, की नजरेच्या तपासणीसाठी वडील लागतात. तो आला तेव्हा त्याच्यासमोर कागदावर चार घरं आखली. नेहमीच्या प्रकारात हा दोष देणारं जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. दोघांच्याही अंगात एकेक चांगली प्रत असते, म्हणून दोघांनाही काही होत नाही, कुणाला कळतही नाही. प्रत्येक गरोदरपणात चारातला एक संभव असतो की दोन्ही बिघडलेल्या प्रती एकत्र याव्यात. ‘म्हंजे निम्मं माझंबी?’ त्याने विचारलं. निम्मं तुमचंही. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. त्याने बायकोला नेलं की नाही, हे मला पुढे कळलं नाही.

जवळच्या नात्यातल्या लग्नांत असा योग जुळण्याची शक्यता वाढते. आमच्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे आणि कर्नाटकाच्या सीमेकडे तर मामा-भाचीचं लग्नही होतं. कुणाची रीत वाईट म्हणायला मी बसलेली नाही, पण घरात एक असं मूल झालेलं असताना पुढच्या पिढीची सोयरीक पुन्हा त्याच घरात जुळवणं धोक्याचं आहे, हे मी स्पष्ट सांगते. अशा घरांना मी एक गोष्ट सांगते. बार्सिलोनाच्या प्राणिसंग्रहालयात एक पांढरा गोरिला होता, त्याचं इंग्रजी नाव स्नोफ्लेक. १९६६ साली त्याला आफ्रिकेतल्या आजच्या इक्वेटोरियल गिनीमधून पकडून आणलं होतं. २००३ साली तो कातडीच्या कर्करोगाने गेला. पुढे २०१३ साली त्याच्या जनुकांचा पूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसलं की, त्याचे आईवडील बहुधा काका-पुतणी किंवा मामा-भाची अशा नात्यातले असावेत. ही गोष्ट घरच्यांना पटते. जंगलातल्या गोरिलाला कुणाचा शाप लागला, असं कुणी म्हणत नाही.

जनावरांची उदाहरणं मी मुद्दाम देते, कारण शेतकरी माणसाला ती लगेच कळतात. एक जण म्हणाला होता, ‘आमच्या गोठ्यात एक पांढरं रेडकू झालं हुतं. उन्हात सोडलं की डोळं मिटूनच उभं ऱ्हायचं.’ त्याला पुढचं काही सांगावंच लागलं नाही. पांढऱ्या सशाचंही तसंच. गुलाबी डोळ्यांचा ससा एखाद्या वस्तूकडे बघताना डोकं हळूहळू डावी-उजवीकडे डोलवतो. तो लाडात आलेला नसतो, नजर लावायचा प्रयत्न करत असतो. सयामी मांजर हे तर फार छान उदाहरण आहे. तिचं टायरोसिनेज उष्णतेने निकामी होतं, म्हणून अंग फिकट राहतं आणि कान, नाक, पंजे, शेपटी हे थंड भाग तेवढे गडद होतात. तिच्याही डोळ्यांचे तंतू चुकीच्या बाजूला जातात आणि कित्येक सयामी मांजरं तिरळी असतात.

छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातला पांढरा वाघ पाहून आलेली मुलं मला विचारतात, तो आमच्यासारखा आहे का. तंतोतंत नाही. त्याचे पट्टे शाबूत असतात, म्हणजे थोडं रंगद्रव्य आहे. पण डोळे निळे असतात, पुष्कळदा तिरळे असतात, आणि पांढऱ्या वाघाच्या मेंदूतही तंतूंची तीच चुकलेली वाट सापडल्याचं १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. २०१३ साली चिनी संशोधकांनी त्यामागचं जनुक शोधलं. तेच जनुक त्या गोरिलामध्ये बिघडलेलं होतं आणि माणसातल्या एका प्रकारच्या अल्बिनिझममध्येही तेच बिघडतं. रीव्याच्या महाराजा मार्तंडसिंहांनी १९५१ साली मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. पुढे पांढरे बछडे मिळावेत म्हणून त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली गेली आणि १९५८ साली ते मिळाले. आज जगभर पिंजऱ्यांत दिसणारे पांढरे वाघ बहुतांशी त्याच वंशातले आहेत. लोक तिकीट काढून ते बघतात. रक्ताच्या नात्यात पुन्हा पुन्हा जोड्या लावून, अधू नजरेचं जनावर केवळ रंगासाठी जन्माला घालणं मला मान्य नाही आणि मुलांनाही मी ते तसंच सांगते. मोकळ्या रानात अशा जनावराचा निभाव कठीण. रंगामुळे ते लपत नाही आणि नजरेमुळे त्याला शत्रू वेळेवर दिसत नाही.

माणसाला मात्र लपावं लागू नये. टांझानियात आणि मलावीत अल्बिनिझम असलेल्या माणसांचे अवयव जादूटोण्यासाठी तोडले गेले, खून झाले. त्यानंतरच संयुक्त राष्ट्रांनी लक्ष घातलं आणि २०१५ पासून १३ जून हा दिवस अल्बिनिझमबद्दलच्या जागृतीसाठी जगभर पाळला जातो. टांझानियात साधारण चौदाशे माणसांमागे एक असं हे प्रमाण आहे. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत ते सतरा ते वीस हजारांमागे एक मानलं जातं. आपल्याकडे तशी हिंसा नाही. आपल्याकडे मूल शाळेतून काढून घरी बसवतात, बाहेरच्यांना दाखवत नाहीत, लग्नाच्या घरी नेत नाहीत.

उन्हाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण नजरेने माणूस अडतो, पण जीव जातो तो उन्हाने. द्राक्षबागेत मजुरी करणारे एक साठीचे गृहस्थ चष्म्यासाठी आले होते. त्यांच्या कानाच्या वरच्या कडेला खपली धरलेली जखम होती. किती दिवस आहे, म्हटल्यावर म्हणाले, ‘गेल्या दिवाळीपासनं. भरती आणि पुन्हा फुटती.’ चष्मा बाजूला ठेवून आमच्या डॉक्टरांनी त्यांना त्याच दिवशी पुढे पाठवलं. तो कर्करोग होता, वेळेत कापून काढता आला. त्यांच्या डोक्यावर कायम गांधी टोपी असायची. टोपी कान झाकत नाही, मान झाकत नाही, चेहऱ्यावर सावली पाडत नाही. मोठ्या उपरण्याचा पटका कानांवरून आणि मानेवरून घेऊन बांधला, तर तो तिच्याहून कितीतरी चांगला. रुंद काठाची टोपी असेल तर उत्तम. पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा सदरा, दुपारी अकरा ते चार सावलीतलं काम, आणि परवडत असेल तर एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन, तेही दोन-तीन तासांनी पुन्हा लावलेलं. सनस्क्रीन रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही, हे मला माहीत आहे. सरकारी दवाखान्यातून अशा लोकांना ते औषध म्हणून मिळायला हवं, ही माझी जुनी मागणी आहे. महिनाभरात न भरणारी कोणतीही जखम डॉक्टरला दाखवायची, हे मी प्रत्येकाला दोनदा म्हणायला लावते.

आणखी एक प्रश्न मी कधी चुकवत नाही: नाकातून वारंवार रक्त येतं का, जरा लागलं की अंगावर काळेनिळे डाग उठतात का? अल्बिनिझमच्या एका विरळ प्रकारात रक्त लवकर थांबत नाही. दात काढण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी ते कळलेलं बरं.

मोठ्या मुलांची अडचण वेगळी असते. दहावीतली एक मुलगी सगळं येत असूनही गणिताचा पेपर अर्धाच सोडवून यायची, कारण प्रश्नपत्रिका वाचण्यातच तिचा वेळ जायचा. तिची चष्म्यासह नजर दोन्ही डोळ्यांनी ६/६० होती, म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते तिला सहा मीटरवरून दिसायचं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये अल्पदृष्टी हे दिव्यांगत्व मानलेलं आहे. दोन्ही डोळ्यांची चष्म्यासह नजर ६/२४ ते ६/६० या दरम्यान असेल, तर नियमाप्रमाणे ते ४० टक्के धरलं जातं आणि ४० टक्क्यांपासून सवलती लागू होतात. परीक्षेत तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात. पण तिच्या वडिलांना एका कार्यालयात ऐकवलं गेलं, ‘चालत आली ना स्वतःच्या पायाने? मग कसली दिव्यांग?’ आम्ही तपासणीचा अहवाल सविस्तर लिहून दिला, दृष्टिपटलाच्या स्कॅनमध्ये मधला खळगा नाही हे त्यावर खूण करून दाखवलं. दुसऱ्या खेपेला प्रमाणपत्र मिळालं, दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्रही आलं. दहावीला तिला वेळ पुरला. आता ती बँकेच्या परीक्षांची तयारी करते, संगणकावर अक्षर मोठं करून. दुचाकी चालवता येणार नाही, हे तिने स्वतःच मला सांगितलं, आणि बसचा नंबर वाचायला ती मोबाइलचा कॅमेरा वापरते.

या आजारावर आज तरी औषध नाही. केस काळे करणारा, कातडी सावळी करणारा कोणताही लेप, काढा किंवा इंजेक्शन अल्बिनिझम घालवत नाही. त्यावर घातलेले पैसे वाया जातात, आणि कर्ज काढून ते घातलेली घरं मी पाहिली आहेत. तेवढ्या पैशात चष्मा, गडद काचांचा दुसरा चष्मा, भिंग आणि टोपी एवढं सगळं येऊन वर काही उरतं.

म्हणून गावातल्या आशाताईंना, अंगणवाडीच्या ताईंना आणि पहिलीच्या वर्गाच्या गुरुजींना माझी विनंती आहे. पांढऱ्या केसांचं मूल दिसलं, किंवा कुठल्याही रंगाच्या मुलाचे डोळे सतत हलताना दिसले, तर त्याला अल्पदृष्टी विभाग असलेल्या नेत्र रुग्णालयात पाठवा. शाळेत त्याची मान सरळ करू नका, बाक बदलून द्या. घरी त्याच्या आईला दोष देणारं कुणी असेल, तर त्याला गप्प करा. तपासणीला मूल तीन महिन्यांचं असलं तरी चालतं. ते शाळेत जाईपर्यंत थांबू नका.